कानोसा

रोज संध्याकाळी आठला कड्यावरचा मनोरा मरतो,
अशी तक्रार होती.
मरत नव्हता. मी मोजून पाहिलं:
शंभर पाकिटं निघत, एकेचाळीस पोचत,
बाकीच्यांचा भुगा.

सप्टेंबर संपत आलेला, तुशेतीच्या खिंडीत
रात्रीचं पाणी गोठू लागलेलं.
मेंढ्या खाली उतरायला आठच दिवस,
मग रस्ता बंद, थेट जूनपर्यंत.
घोड्यावर दोन बॅटऱ्या, एक शिडी,
आणि माझा पाव, जो चढणीवर
घोड्यानंच खाल्ला.

कड्याच्या पूर्वेला इमेदा, पश्चिमेला तोर्घ्वा.
सख्खे भाऊ. मधे इतका दगड
की एकाच्या छतावरची तबकडी
दुसरीला जन्मात ऐकू जायची नाही.
मनोऱ्याला मात्र दोघी ऐकू येतात.

यंत्रं तशी वळणाची असतात.
बोलण्याआधी कानोसा घेतात:
हवेत कुणी आहे? नाही?
मगच तोंड उघडतात.
इमेदाची तबकडी कानोसा घेते, हवा रिकामी.
तोर्घ्वाची घेते, हवा रिकामी.
दोघींचं खरं, आणि दोघी चुकलेल्या.
शब्द वर जाऊन मनोऱ्याच्या कानाशी आदळतात,
त्याच्या पदरी नुसती खरखर.

इमेदा म्हणाला, माझा आवाज वाढव.
तोर्घ्वाही तेच म्हणाला,
द्राक्षाच्या दारूचा पेला माझ्याकडे सरकवत.
अकरा वर्षं दोघांनी हेच केलंय,
एका एडक्यावरून.
एडका कुणाचा, ते मी विचारलं नाही.
विचारलं, आठला फोन कुणाला करता?
आईला, असं पूर्वेकडून.
आईला, असं पश्चिमेकडून.

पिरिमझे खाली सपाटीवर लेकीकडे असते.
तिला मी येतानाच भेटून आले होते.
म्हणाली, "एका कानाला माझा फोन, दुसऱ्याला लेकीचा.
एकाचं 'आई' येतं,
दुसऱ्याच्या 'जेवलीस का'मधला नुसता 'का'.
मला वाटलं, कान गेले.
मी आपली दोघांत मिळून एकच उत्तर देते."

मनोऱ्यावर चढले. वारा बोटं सोलत होता.
काहीच वाढवलं नाही,
उलट दोघांचाही आवाज जरा उतरवला.
एक सवय तेवढी लावली:
बोलायचं तर आधी विचारायचं, थोडक्यात,
'बोलू?'
मनोरा दोन्ही उतारांना ऐकू जाईल असं सांगणार:
'इमेदा, बोल. एवढा वेळ.'
ज्यानं विचारलंच नव्हतं त्याच्याही ते कानावर पडतं,
आणि तेवढा वेळ तो गप्प.

आणि दोघांनी एकदमच 'बोलू?' म्हटलं तर?
तर दोघं मागे सरतात, मनातल्या मनात फासे टाकतात,
पडेल तेवढं थांबतात.
पुन्हा आदळले, तर फासे दुप्पट.
पुन्हा, तर त्याच्याही दुप्पट.
हे नियम ज्यानं लिहिले
त्याच्या घरात भाऊबंदकी असणार.

इमेदा म्हणाला, थोडं हळू झालंय.
हो, म्हटलं. थोडं हळू झालंय.

शेवटच्या रात्री तोर्घ्वाकडे मुक्काम.
ते थांबणं डोळ्यांना दिसत नाही,
क्षणाच्याही चिंध्यांत घडतं.
मी पडद्यावर ताणून दाखवलं:
हिरवी रेघ, मग कोरी जागा, मग रेघ,
मग पुन्हा कोरी.

"ही कोरी जागा कसली?"
"तेव्हा दुसरं कुणी बोलत होतं."

कोण, ते त्यानं विचारलं नाही.
पेला खाली ठेवला,
कोऱ्या जागेवरून नख फिरवलं,
एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत,
आणि म्हणाला,
"बरीच आहे."